कंसातली नावं

मागच्या दिवाळीआधी माळा साफ करायला काढला. दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी राहून जातं. या खेपेला भाची पुण्याहून आली होती, तिने शिडी धरली आणि मी एकेक खोकं खाली देत गेलो. एका खोक्यात निघाल्या फ्लॉप्या. सव्वापाच इंची काही, साडेतीन इंची बऱ्याच. वर माझ्याच अक्षरात चिकटपट्ट्या. ‘राईस मिल पगार’, ‘पतसंस्था मार्च ९६’, ‘खावटी ९९ फायनल’.

भाची सॉफ्टवेअरमध्येच आहे. कंपन्यांना आपापली कामाची अ‍ॅप्लिकेशनं झटपट बनवता यावीत असा एक प्लॅटफॉर्म असतो, त्यावर ती काम करते. दर काही महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती येते आणि ‘या आवृत्तीत नवीन काय’ असं एक लांबलचक पत्रक येतं. ती ते आधी वाचून काढते आणि मग तिच्या टीमला समजावते. तिने एक फ्लॉपी हातात धरून विचारलं, “मामा, तुम्ही कशात लिहायचे हे सगळं?”

मी म्हटलं, “फॉक्सप्रोत.”

“ते काय असतं?”

आता काय सांगणार? ज्याच्या जिवावर पंधरा वर्षं घर चाललं ते ‘काय असतं’! त्या दिवशी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि विषय संपला. पण ‘खावटी ९९ फायनल’ ही फ्लॉपी मी खोक्यात परत टाकली नाही. ती टेबलावर आहे. म्हणून म्हटलं, जरा सविस्तर लिहूनच टाकावं. मंडळी, यात थोडा तांत्रिक भाग आहे, पण कंटाळा येऊ देणार नाही.

*

गोष्ट अमेरिकेत सुरू होते. पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत वेन रॅटलिफ नावाचा एक माणूस काम करत होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याने घरच्या छोट्या संगणकावर एक प्रोग्राम लिहिला. निमित्त काय, तर ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजेत जिंकायला आकडेवारी हाताशी असावी! नाव ठेवलं ‘व्हल्कन’. पुढे अ‍ॅश्टन-टेट या कंपनीने तो प्रोग्राम ‘डीबेस टू’ या नावाने बाजारात आणला. (‘डीबेस वन’ कधी नव्हताच. दोन म्हटलं की जुना, मुरलेला वाटतो, एवढाच त्यातला हिशेब.) १९८४ मध्ये ‘डीबेस थ्री’ आला आणि जगभरातल्या लहान दुकानदारांपासून कचेऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या याद्या त्यात जाऊन बसल्या.

या डीबेसची फाईल अगदी साधी. आपल्या तलाठ्याच्या वहीसारखी आखलेली. एक माणूस म्हणजे एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत ठराविक रुंदीची घरं. नावाला तीस अक्षरं, गावाला वीस, रकमेला दहा. पण प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक घर असं असे, जे तुम्ही आखलेलं नसे. एकाच अक्षराचं. ते एरवी कोरं असे. तुम्ही एखादी नोंद ‘डिलीट’ केली की त्या घरात एक चांदणी येई, आपण फुली मारतो तशी. बस, इतकंच. ओळ जागच्या जागी राही. ‘रिकॉल’ म्हटलं की चांदणी पुसली जाई आणि माणूस परत हजर!

खरोखर नाहीसं करायचं तर वेगळी आज्ञा होती, ‘पॅक’. ती दिली की चांदणीवाल्या सगळ्या ओळी गाळून फाईल नव्याने लिहिली जाई आणि उरलेल्या ओळींना पहिल्यापासून नवे क्रमांक मिळत. सगळी फाईल कोरी करणारी ‘झॅप’ ही आज्ञा दिली तर यंत्र निदान ‘नक्की ना?’ असं विचारायचं. पॅक मात्र काही न विचारता कामाला लागे.

डीबेसचा एक किस्सा सांगायलाच हवा. ओहायो राज्यातल्या पेरिसबर्गला डेव्ह फुल्टन यांची फॉक्स सॉफ्टवेअर ही छोटी कंपनी होती. तिने डीबेसचीच भाषा बोलणारं पण कितीतरी पट वेगवान ‘फॉक्सबेस’ काढलं. अ‍ॅश्टन-टेटने १९८८ मध्ये तिच्यावर खटला भरला. आमची भाषा चोरली म्हणाले. डिसेंबर १९९० मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला तो अ‍ॅश्टन-टेटच्याच विरुद्ध! कारण डीबेसची कल्पना जेपीएलडिस या, त्याच प्रयोगशाळेतल्या, सार्वजनिक पैशातून झालेल्या जुन्या प्रोग्रामवरून घेतली होती, आणि हक्क नोंदवताना कंपनीने हे पूर्वजाचं नाव सांगितलंच नव्हतं. म्हणून तुमचा हक्कच बाद, असं न्यायालय म्हणालं. काही महिन्यांनी त्याच न्यायाधीशांनी तो निकाल मागे घेतला. १९९१ मध्ये बोरलँडने अ‍ॅश्टन-टेट विकत घेतली आणि खटलाही मिटला. पण आधीचं नाव गाळून मालकी सांगितली की काय होऊ शकतं, याचा तो एक नमुना होता. तेव्हा मला ती नुसती गंमत वाटली होती.

*

१९९१ मध्ये ‘फॉक्सप्रो टू’ आलं. मी चंद्रपुरात संगणकाचं छोटं दुकान टाकलं ते त्याच सुमाराला. दुकान म्हणजे एक खोली, एक यंत्र, एक ठोक्यांचा प्रिंटर आणि मी.

टूमध्ये नवीन काय होतं? मुख्य म्हणजे ‘रशमोर’. आपल्या पुस्तकांच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशा सूच्या फॉक्सप्रो करून ठेवी, आणि प्रश्न विचारला की पूर्ण फाईल न वाचता नुसत्या सूच्या एकमेकांवर ठेवून उत्तर शोधी. हजारो नावांतून ‘धानोरा तालुक्यातले, दोन एकरांच्या आतले, कर्ज न फेडलेले’ असं विचारावं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी पडद्यावर! तेही आजच्या घड्याळात असते तेवढीही मेमरी नसलेल्या यंत्रावर. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा यंत्राने चूक केली असं समजून हाताने मोजून बघितलं होतं.

पण एक बारीकशी अडचण होती. डिलीट केलेल्या ओळी दाखवू नकोस असं सांगितलं, की रशमोरला प्रत्येक ओळीचं ते पहिलं घर तपासावं लागे आणि वेग पडे. त्यावर उपाय दोन. एक म्हणजे त्या चांदण्यांचीही सूची करून ठेवायची. दुसरा, सोपा, म्हणजे अधूनमधून पॅक करून टाकायचं. आम्ही सगळेच दुसरा करत असू. त्यात जागाही वाचे. एका फ्लॉपीवर १.४४ मेगाबाईट मावत, आणि यादी एका फ्लॉपीत बसणं म्हणजे एसटीत खिशातून नेता येणं.

दुसरी नवलाई आपल्याकडची. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुण्याच्या सीडॅकने पुढे नेलेलं ‘जिस्ट’. यंत्रात एक कार्ड बसवायचं, की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. फॉक्सप्रोला त्याचा पत्ताही नसे. त्याच्या लेखी ती नुसती अक्षरांची एकेक घरं. ‘इस्की’ नावाच्या भारतीय प्रमाणात (१९९१ मध्ये ते मानक ब्यूरोने पक्कं केलं) प्रत्येक मराठी अक्षराला एकेक अंक होता, तोच फाईलमध्ये बसे. त्यामुळे अमेरिकेत पैजेसाठी लिहिलेल्या प्रोग्रामच्या नातवात आमच्या एटापल्लीची आणि कुरखेड्याची नावं मराठीत बसली. सिरोंच्याकडची तेलुगू आडनावं मात्र तीस घरांत मावत नसत, शेवट तुटे. घर वाढवायला हवं होतं. मी म्हणे, बघू पुढच्या आवृत्तीत.

आणि वीज! चंद्रपूर म्हणजे महाऔष्णिक केंद्राचं गाव. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, आणि खाली माझ्या खोलीत वीज गेलेली असायची. सूची लिहिता लिहिता वीज गेली की ती बिघडे आणि पुन्हा बांधावी लागे. तलाठ्याची वही वीज गेली म्हणून बिघडत नाही, हे एका बाबूंनी मला हसत हसत ऐकवलं होतं.

*

आता त्या फ्लॉपीकडे येतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका संस्थेचं काम मला १९९४ मध्ये मिळालं. खावटी कर्जाच्या याद्या. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पावसाळ्यात आदिवासी घरांत धान्य संपलेलं असतं, नवं पीक यायला दिवाळी उजाडते. त्या मधल्या महिन्यांत सावकाराच्या दारी जायला लागू नये म्हणून थोडं धान्य, थोडी रोख रक्कम असं कर्ज देत, ते खावटी. संस्थेच्या लोकांनी गावोगाव जाऊन अर्ज भरून आणले होते. त्यात एक रकाना होता, ‘शेती’. काही जणांपुढे सातबाऱ्यावरचे एकर आणि बऱ्याच जणांपुढे ‘ज.जो.’ आणि एक आकडा.

ज.जो. म्हणजे जबरानजोत. आमच्या दोन जिल्ह्यांत हा शब्द लहान मुलालाही माहीत आहे. जंगलाच्या जमिनीवर बिनकागदाची केलेली वहिती. शब्दातच ‘जबरी’ आहे, जणू कोणी धाकाने बळकावली. प्रत्यक्षात आज्याने झाडोरा काढून बांध्या घातलेल्या आणि नातू धान लावतो आहे, अशाही कितीतरी जमिनी त्यात येतात. मी तो रकाना जसाच्या तसा घेतला. नाव, वडिलांचं नाव, गाव, शेती, रक्कम, शेरा.

पुढच्या वर्षांत नावं कमी होत गेली. कोणी मयत. कोणी गाव सोडून गेला. सगळ्यांत जास्त म्हणजे थकबाकीदार, त्यांना पुन्हा कर्ज नाही, म्हणून यादीतून कमी. सचिव तांबड्या शाईने यादीवर खुणा करून पाठवत, मी डिलीट करी. चांदण्या जमत गेल्या.

मग १९९९ आलं. ‘वाय टू के’चा गाजावाजा तुम्हाला आठवत असेल. खरं तर डीबेसच्या तारखांच्या घरात वर्ष चार आकडी असे, त्यामुळे फाईलला धोका नव्हता. धोका होता आमच्यासारख्यांनी जागा वाचवायला दोन आकडी वर्ष साध्या अक्षरांत लिहिलं होतं त्याला. मला सगळ्या फाईली नव्या मापात ओतायच्या होत्या, शिवाय याद्या विंडोजवर न्यायच्या होत्या. तोवर मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्स कंपनी घेऊन टाकली होती, १९९५ मध्ये ‘व्हिज्युअल फॉक्सप्रो’ आलं होतं, आणि १९९८ मधली सहावी आवृत्ती माझ्या हातात होती. नव्या घरात जाताना अडगळ कशाला न्यायची? ओतण्याआधी मी पॅक केलं. फाईल जवळजवळ निम्मी झाली, एका फ्लॉपीत बसली. त्या फ्लॉपीवर मी लिहिलं ‘खावटी ९९ फायनल’. जुन्या फ्लॉप्या कोऱ्या करून दुसऱ्या कामाला वापरल्या. फ्लॉपी तेव्हा महाग असे हो!

त्या दिवशी मला माझ्या कामाचा अभिमानच वाटला होता.

*

इथे जरा थांबून जमिनीच्या कागदांविषयी लिहितो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपल्या जमिनीचा दप्तरही एक प्लॅटफॉर्मच आहे की. त्याच्याही आवृत्त्या आहेत. मध्य प्रांत १८६१ मध्ये झाला आणि त्या दशकात मेजर ल्यूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याचा पहिला मोठा बंदोबस्त केला. त्यात मालगुजारांना मालकी मिळाली आणि कसणारा रयत म्हणून लिहिला गेला. पूर्वेकडच्या जमीनदाऱ्यांत आणि दाट रानात फिरती शेती करणारा माडिया माणूस तर आखलेल्या रकान्यात बसणारा नव्हताच. त्याचं शेत एका जागी राहत नसे, मग सर्व्हे नंबर कशाला देणार? पुढे राखीव जंगलं झाली तेव्हा त्याच्या वापराच्या जागा सरकारी रान म्हणून नोंदल्या गेल्या.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला गेली. मग १९५४-५५ चा अधिकार अभिलेख तयार झाला. विदर्भात आजही जमिनीचा जुना वाद निघाला की वकील पहिल्यांदा तोच काढायला सांगतात. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १९६६ चा जमीन महसूल संहितेचा कायदा पुढच्या वर्षी लागू झाला. पटवाऱ्याचा खसरा मागे पडून सातबारा रूढ झाला. एका पद्धतीतून दुसरीत प्रत्येक वेळी कोणीतरी बसून नावं उतरवून काढली. उतरवताना काय घ्यायचं, काय सोडायचं, हे त्या त्या वेळी त्या माणसाने ठरवलं.

आता सातबाऱ्याची एक रीत पाहा. जमीन विकली किंवा खातेदार वारला, तर तलाठी जुनं नाव खोडरबराने पुसत नसे. त्या नावाला कंस करी, नवं नाव खाली लिही आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात टाकी. कंसातलं नाव वाचता येतं. ‘हा इथे होता’ एवढं ते सांगत राहतं. ही डीबेसची चांदणीच नाही का? अमेरिकेतल्या रॅटलिफसाहेबांच्या कितीतरी आधीची!

आणि पॅकही आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावर दहा वर्षांची पिकं लिहून जागा संपली की पुनर्लेखन व्हायचं. नव्या कागदावर फक्त चालू नावं. कंसातली गळायची. पण मंडळी, फरक इथे आहे. जुना सातबारा फाडून टाकत नसत. तो बस्त्यात बांधून तहसीलच्या अभिलेख कक्षात ठेवत आणि त्याची नक्कल मागता येई. वाळवी लागो, धूळ बसो, बस्ता असे. आमच्या त्या हसऱ्या बाबूंना हे माहीत होतं. मला, संगणकवाल्याला, माहीत नव्हतं.

सातबारा संगणकावर आणायचं काम देशात १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झालं, आणि त्या आठांत महाराष्ट्रातला जिल्हा होता आमच्या विदर्भातला वर्धा. तिथून १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागेपर्यंत तीस वर्षं गेली. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हाच्या बदलांची यादी मी भाचीच्या पत्रकासारखी वाचून काढली. गावाचा सांकेतिक क्रमांक आला, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली. आणि एक बदल वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. कमी केलेल्या नावांना आता नुसता कंस नाही, त्यावर आडवी रेघही मारायची. म्हणजे नाव खोडलेलं आहे हे स्पष्ट दिसावं, पण नाव राहावं. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला माझा नमस्कार.

*

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. जंगलाच्या जमिनीवर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या आदिवासी कुटुंबाचा त्या जमिनीवर हक्क मान्य होणार होता. बिगर-आदिवासींना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा हवा. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत घराघरांतून पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. जबरानजोत केली म्हणून भरलेल्या दंडाच्या पावत्या, ज्या इतकी वर्षं लाज म्हणून दडवल्या, त्याच आता पुरावा म्हणून शोधल्या जाऊ लागल्या. धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. ते सगळ्या देशाने पाहिलं. घरोघरचे वैयक्तिक दावे मात्र कोणाच्या बातमीत नव्हते.

२०१० च्या उन्हाळ्यात एक माणूस माझ्या दुकानात आला. पस्तिशीचा असेल. गाव लांबचं, दोन बस बदलून आलेला. पाणी प्यायला, टोपी काढून हातात घेतली.

“खावटीच्या याद्या तुमी बनवत होते ना जी?”

मी म्हटलं, “हो भाऊ. का बरं?”

“आमच्या बाबाचं नाव होतं जी त्यात. फारमावर जबरानजोत लिवली होती, किती एकर ते बी. बाबा सांगे, कम्प्युटरात चढली म्हणून. दंडाच्या पावत्या वाळवीनं खाल्ल्या. म्हटलं, तुमच्याकडं तं असनच.”

त्यांच्या बाबांचं नाव मी विचारलं. यंत्रावर यादी उघडली. (तीही सोपी उघडली नाही. जिस्टच्या काळातली अक्षरं विंडोजवर निराळ्या फॉन्टच्या मापात ओतली होती. आता सगळीकडे युनिकोड आलं होतं, आणि व्हिज्युअल फॉक्सप्रोला ते शेवटपर्यंत नीट जमलं नाही. त्यामुळे जोडाक्षरं फुटून कचरा झाला होता. अर्धा तास त्यात गेला.) गाव सापडलं. गावातली अकरा नावं सापडली. बाबांचं नाव नव्हतं.

१९९६ ची थकबाकी. सचिवांची तांबडी खूण. माझी चांदणी. आणि १९९९ मध्ये माझा पॅक.

मी त्यांना काय सांगितलं? म्हणालो, “जुनं आहे, निघालं नाही.” तेही खरंच होतं म्हणा. पण मी केलं असं म्हणालो नाही. संस्थेकडे कागद असेल म्हणून तिकडे जायला सांगितलं, स्वतः फोनही केला. संस्थेची जागा मधल्या काळात बदलली होती आणि जुने अर्ज रद्दीत गेले होते. कशाला ठेवतील? ‘सगळं कम्प्युटरवर आहे’ असं मीच त्यांना सांगितलं होतं.

त्यांचा दावा तरीही उभा राहिला, हे सांगायला हवं. कायद्याच्या नियमांत पुराव्याची जी यादी आहे, त्यात सरकारी कागदांबरोबर जागेवरच्या खुणाही आहेत, घर, बांध, विहीर. आणि गावातल्या वृद्धांचा लेखी जबाबही आहे. २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली तेव्हा असंही घातलं गेलं, की उपग्रहाच्या चित्रासारखं तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरावं, त्यांची जागा त्याने घेऊ नये. दोन म्हाताऱ्यांनी जबाब दिले, बांध्या मोजल्या गेल्या, पट्टा मिळाला. पण मागितली होती त्याच्या निम्म्याहून कमी जमिनीचा. वरची बांधी किती जुनी, यावर प्रश्न निघाला आणि ती गळली. म्हाताऱ्यांना वर्ष सांगता आलं, एकर सांगता आले नाहीत. एकरांचा आकडा माझ्या रकान्यात होता.

तो आकडा असता तर वरची बांधी मिळाली असती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका सहकारी संस्थेच्या यादीला किती वजन दिलं असतं, कोण जाणे. पण त्यांनी दोन बस बदलून जे मागायला यावं, ते एकदा माझ्याकडे होतं, आणि यंत्र भराभर चालावं म्हणून मी ते पुसलं होतं.

*

मायक्रोसॉफ्टने २००७ च्या मार्चमध्ये जाहीर केलं, की व्हिज्युअल फॉक्सप्रोची दहावी आवृत्ती निघणार नाही. नववी, डिसेंबर २००४ ची, शेवटची. जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला. तिसऱ्या आवृत्तीत आमच्या फाईली एका मोठ्या डेटाबेसच्या छत्राखाली आल्या होत्या, सातवीत टाईप करताना पुढचे शब्द सुचू लागले, आठवीत नोंदींना आपोआप क्रमांक पडू लागले, नववीत छपाईची सोय नव्याने झाली. प्रत्येक वेळी मी ते पत्रक वाचून खूष झालो होतो. पण पहिल्या डीबेसपासून नववीपर्यंत प्रत्येक ओळीचं ते पहिलं घर तसंच राहिलं. कोरं किंवा चांदणी. ज्याने ते घर ठेवलं त्याने चुकणाऱ्या माणसासाठी परतीची वाट ठेवली होती. ती वाट बुजवायचा निर्णय प्रत्येक वेळी माणसाचा होता.

हे सगळं मी भाचीला सांगितलं, जेवताना, टप्प्याटप्प्याने. ती म्हणाली, “मामा, आम्ही याला सॉफ्ट डिलीट म्हणतो. नोंद काढायची नाही, काढली अशी नुसती खूण करायची. हल्ली सगळे तसंच करतात.” आणि मग जरा थांबून म्हणाली, “पण जुन्या खुणा जमल्या की वेग पडतो. त्यामुळे ठराविक दिवसांनी आपोआप साफ होतील असं आम्ही लावून ठेवतो. या नव्या आवृत्तीत तीच सोय आलीय.”

“किती दिवसांनी?”

“ते आपल्याला ठरवता येतं. न ठरवलं तर तीस.”

मी काही बोललो नाही. भात वाढून घेतला. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “कोणाच्या याद्या आहेत ते बघून ठरवायला पाहिजे, नाही?” म्हटलं, “हो. आणि साफ करण्याआधी एक बस्ता बांधून ठेवायचा.” बस्ता म्हणजे काय, ते मग तिला समजावून सांगावं लागलं.

ती पुण्याला परत गेली. माळा तीन चतुर्थांश साफ झाला, बाकीचा पुढच्या वर्षी. राईस मिलच्या आणि पतसंस्थेच्या फ्लॉप्या भंगारात दिल्या. ‘खावटी ९९ फायनल’ ठेवली आहे. त्यात काय नाही, ते मला माहीत आहे.

त्या गावी एकदा जाऊन यायचं आहे. जे २०१० मध्ये दुकानात बसून सांगितलं नाही, ते सांगायला. जमीन काही त्याने परत मिळायची नाही. असो. पाऊस उघडला की निघतो.